तिठ्यावरच्या सात मिरच्या

बालमित्रांनो, घरातला मिसळणाचा डबा डोळ्यांसमोर आणा. त्यात हळद आहे, मोहरी आहे, जिरे आहे. फक्त लाल तिखटाची वाटी रिकामी आहे. आज संपले म्हणून नव्हे, तर आता ते कुठेच मिळत नाही म्हणून. ठेचा कसा लागतो, हे तुमच्या धाकट्या भावंडांना ठाऊकच नाही. करता येते का अशी कल्पना? अकरा वर्षांच्या रेवाला ती करावी लागत नव्हती. ती २०७४ सालात, तशाच जगात राहत होती. फळकूज नावाच्या बुरशीने बारा वर्षांत गावोगावची मिरची संपवली होती.

रेवाचे आजोबा सातपुड्याच्या पायथ्याशी एका लहानशा मिरची संशोधन केंद्रात काम करीत. सगळे त्यांना आप्पा म्हणत. सुट्टीत रेवा त्यांच्याकडे आली होती. केंद्रात आणखी दोघेच होते: राखणदार सुकलालकाका आणि चिमटा. चिमटा हा यंत्रमानव. त्याची बोटे इतकी बारीक होती, की मिरचीच्या कळीतला केसराएवढा दांडाही तो फूल न दुखावता उपटून काढी.

त्या सकाळी मात्र तीच बोटे भट्टीत कुजलेली झाडे टाकत होती.

"सगळी?" रेवाने विचारले.

"चाळीसच्या चाळीस," चिमटा म्हणाला. "फळांसकट."

महिन्यापूर्वी हीच झाडे रेवाच्या खांद्याला लागत होती आणि मिरच्यांच्या भाराने वाकली होती.

आप्पा झाडांवर सावली धरणाऱ्या शेडनेटबाहेरच्या बाकावर बसले होते. बाजूला चहाचा कप तसाच गार झाला होता.

"दोन दिवस धड जेवले नाहीत," सुकलालकाका हळूच म्हणाले. "तू काहीतरी विचार त्यांना. शिकवायला लागले की भूक लागते त्यांना."

रेवाला खरोखरच एक कोडे पडले होते. ती आप्पांजवळ जाऊन बसली.

"आप्पा, ती कड्यावरची रानमिरची. तिला बुरशी कधीच लागली नाही ना?"

"कधीच नाही."

"मग तिच्या चाळीस मुलांपैकी एकालाही आईची ताकद का मिळाली नाही?"

आप्पांनी सदऱ्याच्या खिशातून दोऱ्यांचा गुंता काढला. लाल आणि पांढरे दोरे. फुलांना खूण म्हणून बांधायचे.

"संकर कसा करतात, आठवतं?"

"हो. कळी उमलायच्या आदल्या दिवशी तिच्यातले पुंकेसर (पराग धरणारे बारीक दांडे) काढायचे. नाहीतर फूल स्वतःचेच पराग घेऊन मोकळं होतं. मग दुसऱ्या दिवशी त्यावर दुसऱ्या जातीचे पराग लावायचे आणि दोरा बांधायचा."

"बरोबर. आई रानमिरची. फळ बोराएवढं, पण बुरशीला दाद न देणारी. बाप आपली लांब मिरची. भरघोस, पण नाजूक. दोन वेगळी घराणी एकत्र आली, की पहिल्या पिढीला जादा जोर मिळतो. त्याला संकरजोम म्हणतात. म्हणून तर एकेक झाड तसं लगडलं होतं. आता हे बघ. प्रत्येक गुणासाठी झाडाकडे दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून, एक बापाकडून. या चिठ्ठ्या म्हणजे जनुकं. पांढरा दोरा म्हणजे बुरशीला थोपवणारी चिठ्ठी. लाल म्हणजे न थोपवणारी."

त्यांनी बाकावर दोन पांढरे दोरे ठेवले. "ही आई." मग दोन लाल. "हा बाप. मुलांना काय मिळालं?"

"एक पांढरा, एक लाल. सगळ्यांनाच!"

"आणि दोघे एकत्र आले की इथे लालचंच चालतं. तो प्रभावी (दुसऱ्याला झाकणारा). पांढरा अप्रभावी (झाकला जाणारा). म्हणून चाळीसही कुजली."

"म्हणजे पांढरा दोरा हरवला नव्हता? लपला होता?"

"लपला होता," आप्पा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जराही उत्साह नव्हता. "त्या चाळीस झाडांच्या फुलांनी आपापलेच पराग घेतले होते. त्यांच्या मिरच्यांतलं बी पेरलं असतं, तर नव्या रोपांत जोड्या कशा पडल्या असत्या, सांग."

रेवाने दोरे जुळवून पाहिले. लाल-लाल. लाल-पांढरा. पांढरा-लाल. आणि चौथी जोडी...

"पांढरा-पांढरा! चारांत एक! आप्पा, मग पेरू या ना!"

"काय पेरणार, रेवा? बुरशी बियांतही शिरते. म्हणून तर फळांसकट जाळावं लागलं." आप्पांनी दोरे मुठीत गोळा केले. "रानमिरचीचं एकच झाड होतं आपल्याकडे. कड्यावरची बाकीची वणव्यात गेली. हेही एप्रिलमध्ये वीज जाऊन पाणी बंद पडलं तेव्हा उन्हाने जळून गेलं. आणि मी... केंद्र बंद व्हायला महिना राहिला म्हणून मी घाई केली. कुठलं झाड टिकतं ते बघायला चाळीसही झाडांवर एकदम बुरशी फवारली. एक ओळ वेगळी ठेवायला हवी होती. पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं ते. सात वर्षं, रेवा. आणि एक बी हातात नाही."

रेवाने आप्पांना असे बोलताना कधी ऐकले नव्हते. भट्टीचा धूर शेडनेटवरून सरकत होता.

तेवढ्यात चिमटा आला. "काम संपलं. झाडांवर मोजलेली फळं चार हजार बारा. जाळलेली चार हजार पाच."

"राहू दे रे," आप्पा म्हणाले. "आता मोजून काय करायचंय?"

पण रेवा उठली. सात कमी? उंदराने नेल्या असत्या तर सहा गेल्या असत्या, आठ गेल्या असत्या. बरोबर सातच मिरच्या कोण तोडतो?

ती धावतच सुकलालकाकांकडे गेली. "काका, लिंबू-मिरची बांधली होती तुम्ही?"

काकांनी मान खाली घातली. "झाडं इतकी देखणी आलेली! कुणाची नजर लागू नये म्हणून शनिवारी दारावर बांधली. चांगल्या भरलेल्या, लाली धरलेल्या सात बघून. आप्पा केवढे कडाडले! 'सुकलाल, बुरशी नजरेने येत नाही. काढ ते आत्ताच्या आत्ता!' मग काढली."

"आणि?"

"उतरवलेली घरात ठेवतात होय? तिठ्यावर टाकली."

"फवारणीच्या आधी, की नंतर?"

"चार दिवस आधी."

रेवा फाटकाबाहेर पडली होती. तीन रस्ते मिळत होते तिथे, धुळीत, ती लिंबू-मिरची पडली होती. तीन आठवडे कुणी तिला हात लावला नव्हता. सायकलींच्या चाकोऱ्यासुद्धा तिला वळसा घालून गेल्या होत्या. लिंबू काळे पडले होते. दोन मिरच्या कसल्याशा खुराखाली चिरडल्या होत्या, एक किड्यांनी पोखरली होती. चार मात्र लालभडक वाळल्या होत्या. हलवल्या की आत बी खुळखुळे.

"हात लावू नकोस, पोरी!" मागून धापा टाकत काका ओरडले. "दुसऱ्याची पीडा असते त्यात!"

"दुसऱ्याची कुठे, काका? आपल्या आप्पांचीच ना? मग ती घरचीच आहे." आणि रेवाने ती उचलली.

चिमट्याने भिंगाखाली सगळे बी तपासले. "बुरशी नाही. एकशे अठ्ठावीस."

आप्पा उठून उभे राहिले. पण ते हसले नाहीत. "तीन आठवडे ऊन खाल्लंय. उगवेलच असं नाही. उगवलं तरी बरोबर चौथा हिस्सा पांढरा निघेल असंही नाही. तो फक्त अंदाज असतो. त्यातही चांगलं फळ कुणाला, ते शोधायला वर्षं जातील. आणि केंद्र नऊ दिवसांनी बंद होतंय."

"रोपं माझ्या घरी वाढतील," रेवा म्हणाली. "तुम्हीही तिथेच या. नाहीतर मला शिकवणार कोण?"

आप्पांनी काकांना हाक मारली आणि काही खायला आहे का, असे विचारले.

रेवाने कागदी पेल्यांत माती भरली. चिमटा पेल्यांत बी टाकू लागला. चौसष्ट झाल्यावर रेवाने त्याचा हात धरला.

"अजून चौसष्ट आहेत," चिमटा म्हणाला.

"माहीत आहे," रेवा म्हणाली. तिने उरलेले बी एका काचेच्या कुपीत भरले, बूच घट्ट लावले, कुपीच्या गळ्याला एक लाल आणि एक पांढरा दोरा बांधला, आणि ती आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.