माहेरचा होकार

चांदोली आरोग्य विद्यापीठाच्या आवारात पासवर्ड नावाची वस्तू बंद होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि हेमांगी दुधगावकरच्या मते त्या अकरा वर्षांत कुणाच्याही जिवाला स्वस्थता लाभली नव्हती. पासवर्ड विसरला की निदान माणूस ओशाळायचा. आता यंत्रच माणसाला विसरायचं आणि वर त्यालाच खोटं पाडायचं.

हेमांगी तिथली नेटवर्क-प्रमुख. बाहेरगावच्या पाहुण्यांना ओळखणारा नवा सर्व्हर आज सकाळीच सुरू झाला होता आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी कुठल्यातरी दारात अडकत होतं. टेबलावरच्या चहावर साय धरली होती. तेवढ्यात एक साठीचे गृहस्थ उजवा पाय ओढत आत आले.

"मी भालचंद्र इनामती. बालाघाट विद्यापीठात मोडी लिपी शिकवतो. बाई, तुमचं यंत्र म्हणतंय मी कुणीच नाही."

"बसा सर. आज ते सगळ्यांनाच तसं म्हणतंय."

"बसायला वेळ नाही हो! आमच्या मंदाकिनीच्या डोक्यात रक्तवाहिनी फुगलीय. दोनच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी. डॉक्टर तयार आहेत, पण नवऱ्याची संमती नोंदल्याशिवाय त्यांची यंत्रं सुरूच होत नाहीत म्हणे."

बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. हेमांगीने चहा बाजूला सारला.

"कागदावर सही करतो ना मी! शिक्का हवा तर शिक्का मारतो."

"कागद आता कोण विचारतंय, सर?" कीबोर्डवर बोटं चालवत ती म्हणाली. "हवेत वायफायच्या लहरी असतात. त्या आपल्या अंगावर आपटून परत येतात. तुम्ही पाऊल कसं टाकता, श्वास कसा घेता, खांदा किती झुकतो, त्याप्रमाणे त्या लहरी बदलतात. त्यातून तुमचा एक ठसा तयार होतो. चालठसा म्हणतो आम्ही त्याला."

"मग घ्या की माझा ठसा."

"घेतलाय. पण तो तुमचाच, हे मी कोण सांगणार? ते तुमच्या विद्यापीठाने सांगायचं. तिथल्या सर्व्हरला आम्ही माहेर म्हणतो. आमचा सर्व्हर विचारतो, हा माणूस तुमचा का? माहेराने हो म्हटलं, की इथली दारं उघडतात, संमती चालते. माहेराने नाही म्हटलं, तर आमचे कुलगुरूसुद्धा काही करू शकत नाहीत."

चूक आपल्याच मांडणीत असणार, असं धरून तिने सगळं पुन्हा तपासलं. नोंद मात्र स्वच्छ होती. प्रश्न गेला होता, उत्तरही आलं होतं. नकार, माहेरकडून.

तिने वैतागून बालाघाटला फोन लावला. पलीकडचा तंत्रज्ञ जेवणाचा डबा उघडून बसला असावा.

"इनामती सर? मॅडम, ते तर इथंच आहेत. दहा वाजून दहाला आत आलेत. त्यांच्या खोलीत पंखा चालूय."

"अहो, ते माझ्यासमोर उभे आहेत!"

"मग तुमच्यासमोरचा माणूस दुसरा कुणी असेल. आमच्या ठशाशी शंभरातले एकोणीस जुळतायत त्याचे."

फोन आपटून हेमांगी वळली. इनामती सर खुर्चीत बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"रामलिंग," ते पुटपुटले.

"कोण रामलिंग?"

"आमच्या विभागाचा शिपाई. रोजंदारीवरचा, त्याला कसला आलाय ठसा? मागच्या फाटकाने येतो बिचारा. मंदाकिनीचं दुखणं सुरू झालं तेव्हा माझ्या रजा संपल्या होत्या. तो म्हणाला, सर, तुम्ही बाईंजवळ बसा, हजेरीचं मी बघतो. पहिले काही दिवस मी त्याचा हात धरून दारातून गेलो. मग तो एकटाच जायला लागला. माझ्या चपला घालून, माझ्यासारखा पाय ओढत." सर शरमेने हसले. "छान जमायचं हो त्याला. आठ महिने एकही खाडा नाही."

हेमांगीने कपाळावर हात मारून घेतला. "धन्य आहे तुमची! अहो, दुसऱ्याची हजेरी लावायची हौस आपल्या लोकांना जन्मजात, पण ही काय वही आहे का? माणूस म्हातारा होतो, वजन वाढतं, गुडघा धरतो, म्हणून माहेर रोज ठसा थोडा थोडा सुधारून घेतं. रोज जो येईल, त्याच्याकडे केसभर सरकतं. आठ महिने ते रामलिंगकडे सरकतंय!"

"मग मला परत नोंदवा."

"नोंदवता येतं. त्यासाठी इनामतींची परवानगी लागते."

"मी देतो ना!"

"तुम्ही नव्हे हो, सर. माहेर ज्याला इनामती म्हणतं, त्याची. शिवाय समितीची बैठक. आठवडा तरी जाईल."

घड्याळात एक वाजायला आला होता. हेमांगीला सरांचा राग आला होता, यंत्राचा आला होता, आणि आता जे सुचत होतं त्याबद्दल स्वतःचाही. पण दुसरं काही सुचेना. तिने सरांचा फोन पुढे ओढला.

"लावा रामलिंगला."

पुढचं काम सव्वा मिनिटात आटोपलं. तिकडे रामलिंग खोलीत दहा पावलं चालला आणि घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मी भालचंद्र इनामती, माझी संमती आहे." माहेराने हो म्हटलं. शंभरातले अठ्ठ्याण्णव जुळले. एक वाजून चार मिनिटांनी शस्त्रक्रियागृहातला हिरवा दिवा लागला. सर हुंदके देत रडले आणि हेमांगीने त्यांना स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं.

साडेपाचला मंदाकिनीबाई शुद्धीवर आल्या. हेमांगी मुद्दाम वर गेली. सर अतिदक्षता विभागाच्या काचेच्या दाराशी उभे होते. दारावर लिहून आलं होतं: फक्त पतीस प्रवेश. खाली बारीक अक्षरांत: पती सध्या बालाघाट येथे.

"ती मला हाका मारतेय," सर म्हणाले. "सिस्टर म्हणतात, नवरा आल्याशिवाय उघडणार नाही. बाई, आता सांगून टाकूया खरं काय ते."

"खरं सांगितलं तर संमती खोटी ठरते, सर. आज ज्याने शस्त्रक्रियेला होकार दिला, तोच कायद्याने त्यांचा नवरा. नाहीतर डॉक्टर अडकतील, रामलिंग तुरुंगात जाईल, आणि बाईंचे पुढचे उपचार थांबतील." बोलता बोलता तिचा आवाज खाली आला. "मला दुपारीच एवढं कळायला हवं होतं."

काचेपलीकडे मंदाकिनीबाईंनी हात किंचित उचलला आणि दाराकडे पाहिलं.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. त्यांनी तो हेमांगीच्या हातात दिला आणि ती 'हॅलो' म्हणाली.

"मॅडम, मी रामलिंग. बाई बऱ्या हायत ना? सर आत गेले?"

"नाही गेले. दार उघडत नाही."

पलीकडे त्याने कुणाला तरी गाडीची वेळ विचारली. मग म्हणाला, "मी येऊ का? सहाची गाडी हाय. दार उघडून देतो, मग सर जातील माझ्यामागं."

"या."

"पण मॅडम, आज धावपळीत पाय लई दुखतोय. सरांसारखं चालायला जमंल का न्हाई, काय सांगू?"

हेमांगीने हातातल्या पडद्यावर माहेराकडचा ताजा ठसा पाहिला. रामलिंगची नक्कल नकळत दिवसेंदिवस सैल होत गेली होती आणि ठसा तिच्यामागे सरकला होता; त्यात पाय ओढण्याची खूण कुठेच राहिली नव्हती.

"तुमच्यासारखंच चाला," ती म्हणाली. "सर आता तसेच चालतात."