सात नंबरच्या दालनातली खुर्ची

माल्विना, अंडी उकडून झाली की त्यांच्यावर पेन्सिलीने मुलांची नावं लिही. म्हणजे गाडीत भांडणं होत नाहीत. सकाळी साडेसहाची गाडी, दहाला वॉर्सा, मग तीन चित्रसंग्रहालयं आणि सगळ्यात शेवटी नदीकाठचं ते जुनं. आपल्या चित्रशाळेची ही सहल मला तोंडपाठ आहे. पण तू यंदा पहिल्यांदाच शिक्षिका म्हणून सोबत येते आहेस, तेव्हा एक गोष्ट तुला सांगून ठेवायला हवी. तो दिवा जरा इकडे ओढ. हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

तेहतीस वर्षं झाली. मी सतरा वर्षांची होते, तुझ्याइतकीच तोंडाळ. आम्हाला ओल्गेर्द सर घेऊन गेले होते. सरांच्या नाकावर राग. माझं चित्र समोर आलं की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "बोग्ना, हा घोडा आहे की पलंग?" सगळा वर्ग हसायचा, आणि मी घरी जाऊन रडायचे. त्या वर्षी मी ठरवूनच टाकलं होतं, की सहल झाली की शाळा सोडायची आणि मावशीच्या बेकरीत कामाला लागायचं.

नोव्हेंबर होता. दुपारचे तीनच वाजले होते, पण खिडक्यांबाहेर काळोखायला लागलं होतं. त्या संग्रहालयात तेव्हा जमिनीला ओरखडे पडू नयेत म्हणून बुटांवर लोकरी सपाता चढवाव्या लागत. पाऊल वाजायचंच नाही. नुसतं फस्स... फस्स... घासत जाणं. खाली कोट घेताना माझ्या लक्षात आलं, की आईने विणलेली हिरवी टोपी वर राहिली आहे, सात नंबरच्या दालनात.

"पाच मिनिटांत आली नाहीस तर राहा तिथेच!" सर ओरडले.

वर चिटपाखरू नव्हतं. सात नंबरचं दालन म्हणजे भिंतींवर सगळे मिशाळ सरदार, एकापेक्षा एक कंटाळवाणे. मेणाचा आणि तापलेल्या धुळीचा वास येत होता. दाराजवळ लाकडी खुर्चीवर राखणदार बाई बसली होती. करडं स्वेटर, मांडीवर हात. स्वेटरला कापराचा वास. टोपी तिच्याच हातात होती.

"ये. मागे फिरलीस ना? मग आधी बस, दहा मोज, आणि मग जा," ती हळूच म्हणाली.

यात मला काहीच वावगं वाटलं नाही. विसरलेल्या वस्तूसाठी मागे फिरलं की बसून दहा मोजल्याशिवाय आपल्यात कोण निघतं? माझी आई तर एकदा मोजायला विसरली आणि आख्खी बस थांबवून खाली उतरली होती. पण दालनात दुसरं बसायला काहीच नव्हतं.

"माझ्या खुर्चीवर बस ना, बाळ." पण ती लगेच उठली नाही. शेजारच्या दालनाच्या दाराकडे बघत राहिली. "त्या आठ नंबरमध्ये काय आहे गं?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"लोक बडबडत आत शिरतात आणि एकदम गप्प होतात. एकोणीस वर्षं ऐकते आहे. का गप्प होतात, ते काही कळलं नाही. मला खुर्ची सोडता येत नाही. कुणीतरी बसलेलं असावं लागतं."

"मग सकाळी, उघडायच्या आधी बघायचं."

"तेव्हा मी इथेच असते."

"आणि बंद झाल्यावर?"

"तेव्हाही इथेच असते, बाळ..."

मला तिची दया आली, दुसरं काही नाही. मी बसले. एक, दोन, तीन. चौथ्या आकड्याला ती दारापाशी होती. सातव्याला दिसेनाशी झाली. तिच्या पायांचा आवाज आला नाही, ते फस्स... सुद्धा नाही.

दहा झाले. उठावं म्हटलं, तर गुडघे जड झालेले. खाली पाहिलं. मांडीवर हात होते, त्यांच्यावर करड्या बाह्या, आणि बोटांची पेरं सुजलेली. कापराचा वास आता माझ्याच गळ्याशी येत होता. ओरडायला गेले तर घशातून नुसता श्वास...

तेवढ्यात सर आले. सपाता न घालताच आले होते, धापा टाकत. "बोग्ना! अगं ए बोग्ना!" सगळं दालन पालथं घातलं आणि मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले. थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"बाई, एक पोरगी आली होती का हो इकडे? वेणी आहे, हिरवी टोपी आहे."

सर, मीच ती, असं म्हणायचं होतं मला. जीव तोडून तोंड उघडलं आणि राखणदाराचं ठरलेलं वाक्य एका म्हातारीच्या आवाजात म्हणाले, "चौकटीच्या फार जवळ जाऊ नका..."

सर मागे सरकले. कपाळावरचा घाम पुसला. "तिला काही झालं तर मी काय करू हो? इतक्या वर्षांत अशी एकच पोरगी मिळाली. रेघ मारते तर ती जिवंत होते. तिला सांगत नाही, चढून बसेल. पण तिचे सगळे कागद घरी जपून ठेवलेत मी. घोडेसुद्धा." त्यांचा आवाज फुटला आणि ते तसेच पुढे धावले.

माल्विना, मी तिथे बसून रडत होते. गालांवर पाणी मात्र आलं नाही. ती बाई परत कशाला येईल? एकोणीस वर्षांनी सुटलेलं माणूस येतं का परत? बाहेर पूर्ण काळोख झाला होता. सरदारांचे चेहरे दिसेनासे झाले.

पण ती आली. डोळे ओले, गाल लाल.

"नदी आहे गं! बर्फ फुटतंय. आणि काठावर एक कुत्रं उभं आहे. कुत्र्याचं कुणी बोललंच नव्हतं." तिने माझा खांदा थोपटला, तसा माझा आवाज परत आला. "ऊठ."

"तुम्ही... परत का आलात?"

"तुझी गाडी चुकली असती ना."

ती बसली, आणि मी उठले. माझेच हात, माझीच वेणी, हातात माझी टोपी. जिन्यावरून अक्षरशः गडगडत खाली आले. सरांनी सगळ्यांसमोर मला मूर्ख, बावळट, भोपळा, सगळं म्हटलं आणि गाडीत स्वतःचं अंडं माझ्या हातात कोंबलं. बेकरीचा विचार मी तिथेच सोडला.

पुढच्या वर्षी मी टोपी मुद्दाम विसरले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण ज्या बाईमुळे मला माझे सर कळले, तिला नऊ नंबरचं दालन कसं नाकारायचं? लेओकादिया तिचं नाव. दर वर्षी एक दालन. ती बाकीच्यांना दिसतच नाही, त्यांना नुसती रिकामी खुर्ची दिसते आणि मी बसले की म्हातारी, हे मला पुढे कळलं, आणि मी ते मनाला लावून घेतलं नाही. दालनं लांब जात गेली तसा तिला परतायला वेळ लागायला लागला. काल वर्गात एक पोर माझ्या चित्रापाशी फार वाकलं, तर मी त्याच म्हातारीच्या आवाजात बोलले. पोर दचकलं. मीसुद्धा.

गेल्या वर्षी ती शेवटच्या दालनातून आली आणि म्हणाली, "संपलं गं सगळं बघून. आता जिना राहिला, आणि जिन्याखालचा दरवाजा. बाहेर ट्राम जाते ना अजून?"

जाते म्हटलं. मग ती इतकी गोड हसली, की पुढच्या वर्षी ट्राम बघून ये, असं मी बोलून गेले.

उद्या मी बसणार आहे. अशी बघू नकोस, आपलंच माणूस आहे ते. येईल ती. तेहतीस वेळा आली आहे.

पण साडेतीनपर्यंत मी खाली आले नाही, तर आधी मुलांना खाली नीट एका जागी बसव. मग सात नंबरमध्ये जा. खुर्चीवर एक म्हातारी दिसेल. तुला म्हणेल, चौकटीच्या फार जवळ जाऊ नका. तिला घाबरू नकोस. थोडा वेळ तिच्यापाशी उभी राहा आणि माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोल.

आतून सगळं ऐकू येतं.