तिला कुणी बसा म्हटलं नाही

मी वकील आहे. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायची मला सवय नाही. पण हे मी स्वतः ऐकलंय, पाहिलंय. कुणीही विचारा, शपथेवर सांगेन.

१९९९ चा डिसेंबर. नाशिक. मी तेव्हा कायद्याचं शिक्षण घेत होते. नाताळच्या सुट्टीत संध्याआत्याच्या सरकारी बंगल्यावर राहायला गेले होते.

आत्या सेशन्स जज्ज होती. आमच्या विहाराजवळच्या कॉलनीतली पहिली. आजोबा आयुष्यभर कुणा ना कुणापुढे हात बांधून उभे राहिले. आत्या आत आली की अख्खं कोर्ट उभं राहायचं. आम्हाला त्याचा केवढा अभिमान!

पहिल्याच संध्याकाळी आत्या दिवाणखान्यात आली आणि...

कर्र्र...

कोपऱ्यातली वेताची खुर्ची वाजली. कुणीतरी उठल्यावर वाजते ना, तशी.

खुर्चीत कुणीच नव्हतं.

"तृप्ती, खुर्ची हलवू नकोस," आत्या म्हणाली.

मी तर पार दाराशी होते.

दुसऱ्या दिवशीही तेच. आत्या बाहेर असली की सगळं शांत. तिने आत पाऊल टाकलं की... कर्र्र.

मला संशय आला हिरामणचा. हिरामण म्हणजे आत्याचा शिपाई. माझ्याशी हसून बोलायचा, पण आत्या आली की नजर चोरायचा. याने नक्की दोराबिरा बांधला असणार! मी खुर्चीखाली हात घालून चाचपलं. काही नाही.

मग एका दुपारी त्याला मुद्दाम भाजी आणायला पिटाळलं आणि खुर्चीसमोर बसून राहिले.

खुर्ची रिकामी होती. पण बसायच्या जागचा वेत मधोमध दबलेला होता...

आत्या व्हरांड्यातून आत आली.

कर्र्र... वेत हळूहळू वर आला.

आत्याने खुर्चीकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला स्पष्ट कळलं.

हिरामण परतल्यावर मी त्याला धरलंच.

"ताई, शकुबाई असंल ती," तो पुटपुटला. "सुरगाण्याकडची. तिच्या पोराला, झिपरूला, मॅडमनी खुनाच्या केसमधी जन्मठेप दिली ना. पहिल्या तारखेला मॅडम आल्या तरी ती मागच्या बाकावरनं उठली नाय. तिला काय ठावं कोर्टाची रीत? मॅडम गरजल्या, 'बाई, उभ्या राहा!' तवापासून दर तारखेला कोर्ट सुटेपर्यंत उभीच. मी म्हनलं, बस मावशे. तर म्हने, बाईंनी उभं केलंय, बाईच बसवतील."

"मग?"

"निकाल लागला त्या दिवशी घरी जाताना जीपमधीच जीव गेला तिचा."

मी आत्याला म्हटलं, "एकदा बसा म्हण ना तिला."

"कुणाला? रिकाम्या खुर्चीला?" आत्या भडकली. "आज तिला बसा म्हणेन, उद्या तू विचारशील निकाल चुकला का! साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलं होतं."

मी निकालाचं नावही काढलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या मनात संशयाचा किडा वळवळतोय.

आत्या निवृत्त झाली. वेताची खुर्ची तिची स्वतःची होती. ती फ्लॅटवर आली आणि आवाजही आला.

२००६ मध्ये आत्याने अंथरूण धरलं. मी तिच्यापाशीच राहत होते. एका सकाळी ती एकटक कोपऱ्याकडे बघत होती.

"तो एकच साक्षीदार होता गं. खरंच बोलला असेल ना?"

मी तिचं पांघरूण सारखं केलं.

मग तिने हात जोडले. "बसा, शकुबाई."

आम्ही दोघी कान देऊन ऐकत राहिलो...

वेत दबला नाही, खुर्ची वाजली नाही. संध्याकाळी आत्या गेली.

मी त्याच फ्लॅटवर राहिले, खुर्चीही तिथेच होती. त्यानंतर दोन वर्षं घर शांत होतं. वाटलं, सुटले.

गेल्या आठवड्यात माझी न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. पेढे घेऊन घरी आले. कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं...

कर्र्र...

"बसा," मी म्हणाले. "बसा ना, मावशी."

वेत दबला नाही.

झिपरू अजून तुरुंगातच आहे. सोमवारी मला रुजू व्हायचंय. मी आत गेले की सगळे उभे राहतील, मग बसतील.

मागच्या बाकाकडे मात्र मी बघणार नाहीये.