स्वयंपाकघरासकट

ती एक मजला आधीच थांबली, याचं श्रेय लिफ्टला द्यावं लागेल. ती बंद होती. जिने चढताना माणूस मजले मोजतो खरा, पण एका हातात गळती छत्री आणि दुसऱ्या हातात घराच्या कागदांची फाइल असली, की एखादा मजला मोजणीतून निसटतो. दारावर ‘वकील’ एवढं वाचून ती आत शिरली, खुर्चीत बसली आणि बोलू लागली.

समोरच्या तरुण वकिलाने वीस मिनिटं ऐकून घेतलं. ती दातांच्या कवळ्या बनवते. चार वर्षं घरं बघतेय. एक घर दोन खोल्यांचं म्हणून दाखवलं, तर त्यातली दुसरी खोली म्हणजे कपाट निघालं. आता मात्र मनासारखं मिळालंय. स्वयंपाकघराला एवढी मोठी खिडकी आहे की ओट्याशी उभं राहिलं तर सकाळचं ऊन थेट मनगटांवर पडतं. विकणारा सज्जन आहे. सोमवारी सह्या आहेत.

“आणि सगळे म्हणतात, तुम्ही पाच मिनिटांत कागद बघून देता,” तिने समारोप केला.

“ते वरच्या मजल्यावरचे,” तो म्हणाला. “मला चार दिवस लागतात.”

“मग मघाशीच का नाही सांगितलंत?”

“तुम्ही श्वास घ्यायला थांबाल, अशी वाट बघत होतो.”

ती तडक उठली. छत्री उचलली, तर खाली फरशीवर बऱ्यापैकी तळं साचलेलं. ती ओशाळली. त्याने मात्र ड्रॉवरमधून फडकं काढलं, खाली वाकून तळं पुसलं आणि मग तिच्या फाइलवरचे थेंबही हलकेच टिपले. ती पुन्हा खुर्चीत बसली. लोक याहून वाईट कारणांसाठी वकील नेमतात.

घरी मामांनी कपाळाला हात लावला. आईच्या पश्चात तिला मामांनीच वाढवलं होतं, त्यामुळे तिच्या प्रत्येक निर्णयावर कपाळाला हात लावण्याचा त्यांना वंशपरंपरागत हक्क होता. घर घ्यायचंय की भांडण, असं त्यांनी विचारलं. विकणाऱ्याने आपल्याला दोनदा चहा पाजलाय, याकडेही लक्ष वेधलं. दोनदा चहा पाजणारा माणूस फसवूच शकत नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा सिद्धांत होता आणि त्यापायी ते आयुष्यभर फसत आले होते.

वकिलाने कागद तर वाचलेच, शिवाय लोखंडी टेप घेऊन तो थेट घरात हजर झाला. नकाशातलं घर आणि उभं घर एकच आहे ना, हे तो स्वतः मोजून बघत असे. या सवयीमुळे त्याच्याकडे अशील फार नव्हते.

टेपचं एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं त्याच्या. बाहेरची खोली मोजून झाली, आतली झाली. टेपला गुंडाळून घ्यायची घाई. तिचं टोक सारखं ओढलं जाई आणि त्यामागून तीही दोन पावलं पुढे.

“घट्ट धरा.”

“धरलंय की. तुम्हीच ओढताय.”

“मी जागचा हललेलो नाही,” तो म्हणाला. मग उगाचच नकाशात बघू लागला… आणि बघता बघता गंभीर झाला.

नकाशातलं घर खांबापाशी संपत होतं. स्वयंपाकघर खांबाच्या पलीकडे होतं. कागदोपत्री ते शेजारच्या घराचं, म्हणजे विकणाऱ्याच्या थोरल्या भावाचं. आई धाकट्याकडे राहायची. तिला ऐसपैस ओटा मिळावा म्हणून दोघांनी मधली भिंत सरकवली होती. आई गेली, भावांचं बिनसलं, भिंत तिथेच राहिली. थोरला तेव्हापासून स्वतःच्या बाल्कनीत शेगडी मांडून रांधत होता. हक्काचं स्वयंपाकघर परत मागण्यासाठी भावाशी बोलावं लागलं असतं, आणि त्यापेक्षा अकरा वर्षं पावसाची झड सोसणं त्याला सोपं वाटलं होतं.

“सोमवारी सही करू नका,” वकील म्हणाला.

तिचे डोळे भरून आले, त्यामुळे ती चिडली. दुसरा घेणारा तयार होता. असं घर पुन्हा मिळणार नव्हतं. मामा म्हणालेच होते, वकील आधी दुखणं काढतात आणि मग औषध विकतात.

“मला हे घर मिळूच द्यायचं नाहीये का तुम्हाला?”

“मिळू द्यायचंय,” तो शांतपणे म्हणाला. “स्वयंपाकघरासकट.”

त्या रात्री तिला राग आठवायचा होता. आठवत राहिला तो शेवटचा शब्द.

विकणाऱ्याने आधी भावाभावांत कसला कागद म्हणून हात झटकले. पण त्या दुसऱ्या घेणाऱ्याला ही गोष्ट कळली आणि तो पुन्हा दिसला नाही. मग मात्र विकणाराही मऊ झाला. प्रश्न उरला थोरल्याच्या सहीचा. वकील चार संध्याकाळी त्याच्या दारात गेला. थोरला ओठ मिटून ऐके, मान हलवे आणि दार लावून घेई. पाचव्या वेळी ती सोबत गेली. दार उघडल्यावर तिने म्हाताऱ्याच्या गालांकडे एकदाच पाहिलं आणि वकिलाला जिन्यात जाऊन थांबायला सांगितलं.

ती अर्ध्या तासाने बाहेर आली, रुमालात कवळी गुंडाळून.

“दोन वर्षं सैल आहे,” ती कुजबुजली. “बोलायला गेलं की निसटते. सही करायला ते तयार आहेत हो. पण आधी धाकट्याला मनसोक्त झापायचंय, आणि म्हणाले, दात नसताना भांडता येत नाही.”

तिने दोन दिवसांत कवळी नवी केली. तिसऱ्या दिवशी थोरल्याने धाकट्याचं दार ठोठावलं, सव्वा तास सुस्पष्ट उच्चारांत त्याचा उद्धार केला, मग दोघंही आईच्या आठवणीने रडले. सही दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. खरेदीखतात स्वयंपाकघर आलं.

नोंदणी झाली त्या संध्याकाळी पाऊस बारीक पडत होता. रिकाम्या घरात दोन खोकी होती. एकावर ती बसली, एकावर तो. खिडकीची काच धुरकट झालेली. तिने आभार मानायला सुरुवात केली, तर त्याने हाताने थांबवलं.

“आभार नकोत. नाहीतर पुढचं बोलता येणार नाही मला.”

“पुढचं काय?”

“सही झाल्यावर थोरले मला म्हणाले, एका सहीसाठी कोणी चार-चार वेळा येत नाही. मी म्हटलं, अशील आहेत माझ्या. तर म्हणाले—खोटं बोलताना दातवालेसुद्धा अडखळतात.” तो अडखळला. “पण आज विचारणं बरोबर नाही. आज तुम्ही उपकारांच्या ओझ्याखाली आहात. उद्या वाटायचं, हो म्हटलं ते भिडेपोटी. एक महिना जाऊ दे… मग विचारतो.”

पाच मिनिटांच्या कामाला चार दिवस घेणाऱ्या माणसाने मनातलं बोलायला महिना मागावा, हे तिला रास्त वाटलं. पण तिची चार वर्षं घरं बघण्यात गेली होती, आणि मनासारखं सापडलं की वाट बघायची नसते एवढं ती शिकली होती.

“उपकार माझ्यावर मामांचेही आहेत,” ती म्हणाली. “तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त. पण मामांना भेटायचं म्हणून मी कधी आरशासमोर अर्धा तास उभी राहिले नाही. आज राहिले.”

वकील खोक्यावरून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. कायद्यात यासाठी कलम नसावं.

“हरकत आहे का काही?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. आपला हात तिच्या हातात कधी गेला, हे त्याच्या उशिराच लक्षात आलं. “आभारी आहे,” तो पुटपुटला, आणि मघाशी हेच आपण तिला बोलू दिलं नव्हतं, हे आठवून कानांपर्यंत लाल झाला.