मधल्या बोगद्यातला लाल दिवा

प्रतिनगरीने दोन्ही वेळा खरंच सांगितलं, आणि पंचाईत तिथूनच सुरू झाली.

प्रतिनगरी म्हणजे नव्या चंद्रपूरची हुबेहूब गणिती नक्कल. चंद्रावरच्या त्या वसाहतीतलं प्रत्येक घर, घरातलं प्रत्येक माणूस, त्याच्या सवयी, खोडी, काटकसर, सगळं त्या नकलेत होतं. अध्यक्षपदाच्या उमेदवाराने कराबद्दल वचन दिलं, की वचनपरीक्षा मंडळाने ते प्रतिनगरीत घालायचं, पुढची चार वर्षं तिच्यात भराभर फिरवून बघायची आणि भर सभेत निकाल द्यायचा. वचन पाळलं जाईल, किंवा जाणार नाही. तसा कायदाच होता. तो करावा लागला, कारण लोकांनी उमेदवारांची भाषणं ऐकायचंच सोडून दिलं होतं.

कर होता रात्रकर. चंद्रावर पंधरवडाभर दिवस आणि पंधरवडाभर रात्र. दिवसा सौरपत्र्यांवर वीज मिळते, रात्री ठणठणाट. म्हणून प्रत्येक घराने दिवसाच्या विजेतला वाटा सामायिक साठ्यात भरायचा आणि त्यावर साऱ्या वसाहतीने रात्र काढायची. वरच्या कड्यावर राहणाऱ्या खाणमालकांना उद्योगवाढीसाठी सूट होती. खालच्या बराकींना माफी होती. आणि मधल्या बोगद्यातल्या शिक्षक, परिचारिका, तंत्रज्ञ मंडळींना दर निवडणुकीला आश्वासन होतं. बोगद्यातली माणसं ते ऐकून घेत, मान डोलावत आणि घरी जाऊन उरलीसुरली वीज पेटीत साठवत. घरोघरी साठापेट्या होत्या, कॉटखाली, देव्हाऱ्यामागे, जिथे जागा असेल तिथे.

यंदा विदुला रणपिसे नावाच्या बाई उभ्या होत्या. मूळच्या अभियंता. त्यांचं वचन होतं, मधल्या बोगद्याचा रात्रकर निम्मा करीन आणि परत वाढवणार नाही.

प्रतिनगरी विभागाच्या प्रमुख डॉक्टर उत्तरा कानविंदे यांनी ते वचन यंत्रात घातलं, तेव्हा शेजारी त्यांचे सहकारी डॉक्टर इस्माईल परकार चहाचा कप घेऊन बसले होते. परकार गणिती. अवघड प्रश्न समोर आला की त्यांची कळी खुलायची.

हिशेब बाईंचा चोख आहे, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. बोगद्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात एक छोटी काचभट्टी होती. चंद्राची माती वितळवली की काच होते, काचेचे सौरपत्रे होतात, आणि पत्रे वाढले की वीज वाढते. करातून सुटलेली वीज लोकांनी भट्टीत घातली, तर दोन-तीन वर्षांत निम्म्या करातही साठा पूर्वीपेक्षा जास्त भरेल.

"मग घोडं पेंड कुठे खातंय?" उत्तराने विचारलं.

"लोक ती भट्टीत घालतील असं तुम्हाला वाटतं?" परकार म्हणाले. "ती पेटीत जाईल. कर पुन्हा वाढणार हे त्यांना ठाऊक आहे. प्रत्येक अध्यक्षाने हेच केलंय. ते पेटीत साठवतात, पेटी हळूहळू गळते, काच होत नाही, साठा अर्धा राहतो, मग अध्यक्षाला कर वाढवावाच लागतो. आणि लोक म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो?"

म्हणजे अविश्वास वाटतो म्हणून वचन मोडतं, आणि वचन मोडतं म्हणून अविश्वास वाटतो. उत्तराला हे नवीन नव्हतं. नवीन होतं ते पुढचंच. मंडळाचा निकालही लोक ऐकतात, म्हणून तोसुद्धा गणितात धरायला हवा होता. परकारांनी यंत्राला सांगितलं, समजा आम्ही "नाही" जाहीर केलं. चार वर्षं फिरली आणि वचन मोडलं. मग सांगितलं, समजा आम्ही "हो" जाहीर केलं. चार वर्षं फिरली आणि वचन पाळलं गेलं.

दोन्ही निकाल खरे ठरत होते. परकार खूश होऊन हसले. उत्तराला मात्र घाम फुटला.

तिला तसा घाम फुटायला कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका अध्यक्षाने असाच कर कापला होता. साठा रात्र संपायच्या आत आटला आणि मधल्या बोगद्याची ऊब बंद करावी लागली. त्या गारठ्यात उत्तराचे सासरे गेले. तेव्हापासून तिच्या सासूबाईंनी, यमुनाबाईंनी, घरातली साठापेटी कुलूपबंद ठेवली होती आणि किल्ली कमरेला खोचली होती. उद्या उत्तराने "हो" म्हटलं, लोकांनी पेट्या रिकाम्या केल्या, आणि कुठे काही चुकलं, तर पुन्हा तशीच रात्र येणार होती. आणि या वेळी त्यामागे उत्तराचा शब्द असणार होता.

"आपण भाकीत करत नाही आहोत, परकार," ती म्हणाली. "आपण ठरवतोय. हे मला झेपणार नाही."

परकार चहा विसरून पडद्यापाशी गेले होते. "हो"च्या आलेखात त्यांना एक गंमत दिसली होती. निकाल जाहीर झाल्यावर भट्ट्या लगेच पेटत नव्हत्या. बराच काळ सगळा बोगदा थंडच राही, आणि मग एकदम घरामागून घर पेटत जाई. लोक थांबले होते ते कशासाठी?

परकारांनी माग काढत काढत मागे जायला सुरुवात केली. हे घर अमक्याचं बघून पेटलं, ते तमक्याचं बघून. बोगद्यात जेवणानंतर शतपावलीची पद्धत होती. सगळा बोगदा हातपाय मोकळे करायला बाहेर पडायचा आणि शतपावली करता करता दारादारातून डोकवायचा. भट्टी चालू असली की दारावर लाल दिवा लागे. सुरक्षेचा नियम होता तो. शेजाऱ्याचा लाल दिवा दिसल्याशिवाय आपली भट्टी पेटवायची नाही, हा नियम कोणी केलेला नव्हता, पण पाळत सगळेच होते. परकारांनी शतपावली प्रतिनगरीत घातली होती ती निम्मी थट्टा म्हणून. आता सगळा माग तिच्यातूनच निघत होता.

तो एका दाराशी येऊन संपला. प्रतिनगरीत माणसांची नावं नसत, फक्त घरांचे क्रमांक. परकारांनी क्रमांक वाचला. उत्तराने तो पुन्हा वाचायला लावला.

"काय झालं?"

"ते माझं घर आहे," ती म्हणाली.

परकारांनी जराही वेळ न दवडता ताडून पाहिलं. मंडळाने "हो" जाहीर केलं आणि त्या घरची भट्टी बंद राहिली, तर वचन मोडत होतं. मंडळाने "नाही" जाहीर केलं आणि ती भट्टी पेटली, तर वचन पाळलं जात होतं. म्हणजे लोकांचा मंडळावरसुद्धा विश्वास नव्हता. ते निकाल ऐकत होते आणि निकाल देणाऱ्या बाईंच्या दाराकडे बघत होते. बाई बोलतायत तसं स्वतःच्या घरी करतायत का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"मग साध्या 'हो'च्या फेरीत आमच्याकडची भट्टी पेटली कशी?" उत्तराने विचारलं. "सासूबाई किल्लीला हातसुद्धा लावू देत नाहीत."

परकारांनी नोंद उघडली. प्रतिनगरीतल्या त्या वृद्ध स्त्रीने भट्टी पेटवली होती, कारण तिच्या घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने निकाल दिला होता. दुसरं काही कारण नोंदलेलं नव्हतं. उत्तराने ते दोनदा वाचलं. आपल्या सासूबाई आपलं काही मानतात असं तिला उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं. तिला भरून आलं, आणि लगेच भीतीही वाटली.

घरी यमुनाबाई भाजी निवडत होत्या. उत्तराचा नवरा दूर बर्फखाणीत कामाला होता, त्यामुळे घरात दोघीच. भट्टी कोपऱ्यात होती; सासरे गेल्यापासून तिच्यावर डब्यांची उतरंड चढली होती. निकाल सभेआधी फोडायचा नसतो, आणि उत्तराने तो फोडला नाही. भट्टीचं मात्र सगळं सांगितलं: लाल दिवा, शतपावली, लोक कोणाच्या दाराकडे बघतात ते. यमुनाबाई ऐकत होत्या आणि मेथीच्या काड्या मोडत होत्या.

"एवढं मोठं यंत्र," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि त्याला माझीच भट्टी सापडली होय?" मग म्हणाल्या, "ती रणपिसे खरं बोलते का?"

"ते मला सांगता येत नाही, आई."

"आणि मी पेटी रिकामी केली आणि बाकीच्यांनी नाही केली, तर?"

"तर रात्री आपल्याकडे काही नसेल." खोटं बोलायची तिची छाती नव्हती. "मला भीती वाटते, आई. तुमच्याबद्दल वाटते. म्हणून पेटवा असं मी म्हणणार नाही. पेटवू नका असंही म्हणवत नाही."

यमुनाबाईंनी काड्या गोळा केल्या. भाजी धुवायला त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. लोकांच्या चेहऱ्यावर तोच जुना भाव होता, सांगा बाई तुमचं काय ते. पुढच्या रांगेत विदुला रणपिसे ताठ बसल्या होत्या. उत्तरा उभी राहिली. कागदावर दोन निकाल लिहून आणले होते आणि दोन्ही खरे होते. तिने तो कागद बाजूला ठेवला.

"वचन पाळलं जाईल की नाही, ते आमच्या निकालावर ठरत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आमचा निकाल मानतच नाही. तुम्ही माझ्या घरचा लाल दिवा बघता. तो लागला तर वचन टिकेल, नाही लागला तर मोडेल. आणि आत्ता तो लागलाय की नाही, हे मलाही माहीत नाही. मी निघाले तेव्हा लागलेला नव्हता."

 मग मागच्या रांगेतला एक गृहस्थ उठला आणि चालू लागला. त्याच्यामागे दुसरा उठला. बघता बघता सगळी सभा सभागृहाबाहेर पडली आणि भर दुपारी शतपावलीला निघाल्यासारखी मधल्या बोगद्यात शिरली. उत्तरा मागून चालत होती.

दारावर लाल दिवा लागलेला होता.

यमुनाबाई दारात उभ्या होत्या, पदर खोचलेला, हात मातीने माखलेले. एवढी गर्दी बघून त्या जरा चिडल्याच. आत पहिली काच निवत होती. एका बाजूला वाकडी झाली होती, पण काच होती. गर्दीतून वाट काढत रणपिसेबाई पुढे आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, माझ्या वचनावर विश्वास ठेवल्याबद्दल आभारी आहे.

"तुमच्या वचनावर माझा काडीचा विश्वास नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "सून खोटं बोलली नाही, म्हणून पेटवली. आणि वचनाचा संबंध काय इथे? कर अजून कापलाय कुठे तुम्ही? ही वीज माझीच आहे, माझ्या पेटीतली."

उत्तराने परकारांकडे बघितलं. परकारांनी उत्तराकडे बघितलं. घरोघरच्या पेट्यांमध्ये साठवलेली सगळी वीज त्या दोघांच्या डोळ्यांसमोर एकदमच उभी राहिली. एक फेरी त्यांनी फिरवलीच नव्हती. शहाणी म्हणवणारी माणसं, पण वचन असलेल्या फेऱ्या फिरवत बसली आणि वचन नसलेली फेरी कोणाला सुचलीच नाही.

परकारांच्या खिशात प्रतिनगरीला जोडणारी पाटी होती. त्यांनी तिथेच, भिंतीला टेकून, करकपात शून्य केली, उमेदवाराचं वचन पुसलं, फक्त लाल दिवा तेवढा ठेवला. चार वर्षं फिरली. पेट्यांतली वीज भट्ट्यांत गेली, पत्रे वाढले, साठा काठोकाठ भरला, आणि अध्यक्ष कोणीही असो, निम्मा रात्रकर पुरू लागला. त्यांनी पाटी रणपिसेबाईंच्या हातात दिली.

बाईंनी आलेख वाचला. त्या अभियंता होत्या, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. बोगद्यात पलीकडे दुसरा लाल दिवा लागला, आणि त्याच्या पुढे तिसरा. लोक एकेक करून गर्दीतून निघून आपापल्या घरी जाऊ लागले होते.

"मग आता मी लोकांना काय सांगू?" रणपिसेबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज भाषणाचा नव्हता.

यमुनाबाई भट्टीत माती घालायला वळल्या होत्या. त्या थांबल्या.

"सांगू नका काही," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरी भट्टी आहे का?"

रणपिसेबाईंनी त्या लाल दिव्याकडे बघितलं. "होती," त्या म्हणाल्या. "वरच्या कड्यावर राहायला गेले, तेव्हा विकून टाकली."