चौथी वीज

त्या रविवारी परळच्या हॉलमध्ये पडदे पाच होते, ऑर्गन एक, तबल्याची जोडी एक, पदं एकोणीस आणि विजा चार. बाकीचं सगळं मी एकदाच मोजलं. विजा मात्र बोटांवर पुन्हा मोजल्या, कारण चारही वेळा आधी गडगडाट झाला आणि मग वीज चमकली.

संध्याकाळी नरे पार्कवर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती, म्हणून नाटक दुपारी तीनलाच लागलं होतं. शेवटच्या विजेला मागच्या बाकांवरून एक मालवणी आवाज आला, "मेल्या, आदी दिवो लाव, मगे बोंबल!" सगळा हॉल हसला. रंगमंचावर सुंदराबाईंनी नुकतंच विरहाचं पद धरलं होतं. त्यांनी डोळे मिटले आणि त्या गातच राहिल्या.

मी हसले नाही. कॉलेजात मी पदार्थविज्ञानाची प्रात्यक्षिकं घेते. उत्तर उलटं आलं की हसायचं नसतं, ते का आलं ते बघायचं असतं.

नाटक संपल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पद्मजा, चल, आत नेतो तुला. कंपनीचे मालक अप्पा माझे शाळेतले सोबती." विंगेपाशी चपला काढल्या. फळ्या पायाला अजून कोमट लागत होत्या. पावडरीचा, ओल्या रंगाचा आणि कोमेजलेल्या मोगऱ्याचा एकत्र वास येत होता. खुर्चीतून पाहिलेली पडद्यावरची नदी जवळून नुसती ब्रशाचे निळे फटकारे होती... आणि तरी वाहत होती. तिच्यावर चंद्र टांगलेला होता, बिस्किटाच्या डब्याचा, तोंडाला पिवळा कागद लावलेला. मी हात वर केला.

"चंद्राला हात लावू नका. गरम आहे अजून."

शिडीवर एक तरुण बसला होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना काळं तेल.

"वीज तुम्हीच पाडता का?" मी विचारलं.

"हो. आणि तुम्ही चौथ्या रांगेत बसून बोटं मोडत होता."

"मोडत नव्हते, मोजत होते."

"मला वाटलं, शाप देताय." तो खाली उतरला. "रामदास. माझगावच्या गोदीत फिटर. सुट्टीच्या दिवशी इथं ढग."

मला हसू आलं. "मग ढगांना एवढं कळत नाही? आधी दिसतं, मग ऐकू येतं."

"कळतं हो..." त्यानं आवाज खाली आणला. "या, दाखवतो."

डाव्या विंगेत छताला एक लांबरुंद पत्रा टांगलेला होता. तो गदगदा हलवला की गडगडाट. विजेचा खटका मात्र पार उजव्या विंगेत. त्याच्या वरच्या खिळ्याला एक पांढरी टोपी लटकत होती.

"ही शिवाची. खटका त्याचा, पत्रा माझा. शिवा सत्याग्रहात गेला, तुरुंगात आहे. त्याला निरोप द्यायला आम्ही सगळे गेलो होतो. तेव्हा शब्द दिलाय, तू येईपर्यंत तुझ्या जागी कोणी उभा राहणार नाही. म्हणून दोन्हीकडं मीच पळतो. मागच्या पडद्याआडून, अनवाणी."

"किती वेळ लागतो?"

"सात-आठ सेकंद."

"मग आधी वीज पाडून पत्र्याकडं पळा ना."

"सुंदराबाई विजेवर पद धरतात. उजेड पडला की त्यांचा सूर लागलाच. त्या सुरावर पत्रा बडवू?"

उत्तर उलटं होतं, पण चूक नव्हतं.

"बाकीचे?"

"सगळे स्टेजवर. पाऊससुद्धा अप्पा स्वतः पाडतात."

अप्पा तिथंच हरभरे भरलेली एक लांब पेटी पुसत होते. त्यांनी ती जराशी कलती केली, आणि आमच्या डोक्यावर कुठंच काही नसताना पाऊस पडू लागला. हळू, मग दाट. मी उगाच पदर सावरला. रामदासनं ते पाहिलं.

"पाऊस झकास आहे," अप्पा म्हणाले, "पण लोक विजेला हसतात. लागोपाठ तिसरा रविवार. रामदास, पुढच्या वेळी हसले, तर शिवाच्या जागी माणूस घेणार मी. शब्द तुम्ही दिलात, हॉल मला भरायचाय."

टोपी तिरकी झाली होती, ती रामदासनं सरळ केली. एवढंच.

"मी दाबते खटका," मी म्हटलं.

"म्हणजे?" अण्णा.

"शिवाच्या जागी नाही. त्याची टोपी तिथंच राहील. मी फक्त पुढच्या रविवारपुरती."

"बी.एस्सी. होऊन शेवटी खटका दाबायचा!" अण्णा माझ्याकडं बघत राहिले, मग अप्पांकडं. "हिच्या आईला सांगायचं, तेच नाटक पुन्हा बघायला गेलो."

सुंदराबाई अर्धा रंग उतरवलेल्या चेहऱ्यानं बाहेर आल्या. "मग मी कशावर गाऊ गं?"

"वीज, मग गडगडाट. तो विरला की तुम्ही."

"वीस वर्षं उजेडावर गायले," त्या म्हणाल्या. "बघू आता आवाजावर."

पत्रा आणि खटका यांच्यामध्ये रामदास आणि मी तालीम केली. त्यानं विचारलं, "मध्ये किती वेळ ठेवायचा?"

"वीज किती लांब पडलीय, त्यावर आहे. पाच सेकंदांना साधारण एक मैल."

"मग जवळ पाडा."

"दोन सेकंद?"

"दोन... अजून जवळ नाही येणार?"

"अजून जवळ आली तर माणूस भाजतो."

"चालेल," तो म्हणाला, आणि लगेच पत्र्याकडं वळला.

पुढचे सहा दिवस मी प्रयोगशाळेत तीन वेळा चुकीचं वाचन घेतलं. खिडकीबाहेर ऊन होतं, आणि माझ्या कानात हरभऱ्यांचा पाऊस.

रविवारी उजव्या विंगेत खटक्यावर हात ठेवून मी उभी राहिले. समोर, रंगमंचाच्या पलीकडं, रामदास पत्रा धरून. मधे सुंदराबाई, आणि सगळीकडं निळा अंधार. पहिली वीज पाडली, दोन सेकंदांनी गडगडाट. कोणी हसलं नाही. दुसरी. तिसरी. मागचे बाक गप्प होते. अप्पा पावसाच्या पेटीआडून मान हलवत होते.

चौथी वीज मी पाडली. क्षणभर सगळं पांढरं झालं. पलीकडं तो दिसला. त्याचं लक्ष पत्र्याकडं नव्हतं.

अंधार झाला. एक. दोन. पत्रा वाजला नाही.

तीन, चार, पाच... सुंदराबाई हात उंचावून उभ्या होत्या, श्वास भरून घेतलेला. आता हसतील, आणि शिवाची जागा गेली. मला ओरडता येत नव्हतं. सहा, सात. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये नुसता पाऊस पडत होता. आठ. एक बाक करकरला, कोणीतरी पुढं वाकलं असावं. नऊ. दहा.

अकराला फार लांबून आल्यासारखा गडगडाट उठला, घुमला, विरला. त्याच्या शेपटाला सुंदराबाईंनी असा काही सूर लावला, की मागच्या बाकांवरून तोच मालवणी आवाज आला, "वा रे वा!" दुसरं काही नाही.

पडदा पडल्यावर अप्पा पेटी ठेवून तरातरा आले. "ती शेवटची लांब वीज कोणी बसवली?"

मी खटक्याकडं बघितलं, रामदासनं पत्र्याकडं.

"तशीच राहू दे. बाईंचं पद कसं उठलं बघा! आणि शिवाची जागाही राहू दे. पण तो सुटून येईपर्यंत खटका ही मुलगी सांभाळेल. काय रे अण्णा?"

"मला कशाला विचारतोस? मला घरात विचारतं कोण?" अण्णा म्हणाले. या रविवारीही नरे पार्कवर सभा होती; ते अप्पांबरोबर तिकडं निघाले. "रामदास, हिला लालबागच्या ट्रामवर सोडून या."

आम्ही चालू लागलो. सभेला जाणारी माणसं उलट दिशेनं येत होती, हातात झेंडे, तोंडात घोषणा. त्यांना वाट देताना आम्ही दर वेळी थोडे जवळ येत होतो.

"अकरा सेकंद," मी म्हटलं. "का?"

"आधीच्या तिन्हींना पत्र्याकडं बघत होतो. चौथीला... समोर बघितलं. तुमच्यावर उजेड पडला." तो थांबला. "मग अंधार झाला, तरी तुम्ही दिसतच होतात. हातात पत्रा आहे हेच विसरलो."

"असं होत नाही. उजेड गेल्यावर डोळ्यात चित्र सेकंदाचा दहावा भाग राहतं. फार तर."

"मग माझ्या डोळ्यात अकरा सेकंद कसं राहिलं?"



"एकदा मोजून सांगता येत नाही," मी म्हटलं.

"मग किती वेळा मोजावं लागतं?"

"पुष्कळ वेळा. आणि... माणूस तोच लागतो."

तो रस्त्याकडं बघत हसला. मग माझ्याकडं. "मी तोच आहे. दर रविवारी."

"फक्त रविवारी?"

थांब्यावर पहिली ट्राम सहा वाजून बावीस मिनिटांनी आली. मी आठव्या ट्राममध्ये चढले. तेव्हा सात वाजून चौदा मिनिटं झाली होती.