सिंदीच्या घराचा व्ह्यू

रुपेश सिंदीला गेला तो भिंतींचे फोटो काढायला. काम एवढंच होतं. वर्ध्याहून सकाळची पॅसेंजर धरायची, प्रभाकररावांच्या घराचे चारदोन फोटो घ्यायचे आणि दुपारच्या गाडीने परत यायचं.

घर जुनं, प्रभाकररावांच्या आजोबांनी कापसाच्या व्यापाराच्या पैशात बांधलेलं. दोन वर्षं त्याची दुरुस्ती चालू होती. कौलं उतरवून पुन्हा चढवली, सागवानी खांब खरवडून पॉलिश केले, व्हरांड्यात लाल कोबा नव्याने घोटला. पण समोर अजून बांबूंची परांची आणि मातीचे ढीग होते. गृहप्रवेशाच्या पत्रिकेवर तर सगळं झालेलं घर पाहिजे, रंगासकट, बागेसकट. म्हणून ते कॉम्प्युटरवर करायचं. या चित्राला रुपेशच्या धंद्यात 'व्ह्यू' म्हणतात.

व्ह्यूचं काम घेतलं होतं रुपेशच्या मोठ्या भावाने, प्रफुलने. सावंगीला कॉलेजच्या रस्त्यावर दोघा भावांचं लहानसं दुकान होतं आणि मागे एक खोली. याच घराची राहिलेली मापं घेऊन मोटरसायकलने परत येताना सेलूजवळ प्रफुल ट्रकखाली आला. त्याला बावीस दिवस झाले होते. रुपेश आठवी नापास, पण चार वर्षं भावाच्या खुर्चीमागे उभं राहून त्याने सगळं पाहिलं होतं. भावाचं हातातलं काम अर्धं राहू नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

प्रफुलच्या हातून अर्धा झालेला व्ह्यू प्रभाकररावांना आवडला नव्हता. "हे घर हाय का साबनाची वडी?" ते रुपेशला म्हणाले होते. "लय चकचकीत करून ठेवलं. चित्रात जीव नाई रे बाबू. जीव टाक थोडा."

रुपेश व्हरांड्यात पालथा पडून फरशीचा फोटो घेत होता, तेव्हा झाडझूड करणारी आनंदाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"तुहा भाऊ बी असाच पालथा पडे," ती म्हणाली. "मी म्हटलं, मुंग्या मोजून राह्यला का रे बाप्पा?"

"मग काय म्हणे तो?"

"म्हणे, मावशी, मुंगी कुठून निंगते ते बी दाखवा लागते. नाई त घर खोटं दिसते."

रुपेशला हसू आलं. बावीस दिवसांत पहिल्यांदा. मग लगेच कसंतरी वाटलं आणि तो कॅमेरा घेऊन भिंतीकडे गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने काम काढलं. भारनियमन सकाळी आणि संध्याकाळी चार तासांचं, म्हणजे दुपारचीच वेळ हाती होती. बाहेर ऊन पांढरं झालेलं. कूलरच्या वाळ्याचा ओला वास खोलीत भरलेला. प्रफुलने शिकवलं होतं तसं तो एकेक करत गेला. भिंतीच्या पायथ्याशी पोछ्याचा मळका पट्टा. दाराच्या कडीभोवती हातांनी काळपटलेलं लाकूड. एक कौल जरासं सरकलेलं. सावली काळी नाही, निळसर. दोनदा रेंडर लावलं, म्हणजे कॉम्प्युटरला पक्कं चित्र काढायला लावलं. घर खरं वाटायला लागलं, पण जीव नव्हता.

माणूस पाहिजे होता. व्ह्यूमध्ये माणूस टाकतात, म्हणजे घर केवढं ते कळतं. माणूस म्हणजे फोटोतून कापलेलं चपटं चित्र, पुठ्ठ्यासारखं. प्रफुल तयार माणसं टाकायचा, सुटाबुटातली, परदेशी. रुपेशने विचार केला नाही. नाचणगावला मामाच्या पोरीच्या लग्नात काढलेला प्रफुलचा फोटो त्याने उघडला, पांढरा शर्ट, हसरा चेहरा. कडेकडेने कापला आणि व्हरांड्यात उभा केला.

त्याला तो चेहरा पाहायचा होता. दवाखान्यात कोणी कापड काढू दिलं नव्हतं. "पाहू नको बाबू," एवढंच म्हणाले होते. आणि त्या दिवशी सकाळी निघताना दोघांचं भांडण झालं होतं. मलेही सिंदीले ने, असा रुपेशचा हट्ट, आणि प्रफुल म्हणाला, दुकान कोण पाहील? रुपेश भडकला. "जाय मग. अन् मले तोंड दाखवू नको." प्रफुलने मोटरसायकलची किल्ली उचलली. चपला घालून गेला.

रेंडर वरून खाली, ओळीओळीने उतरतं. आधी आकाश आलं, मग कौलं, मग व्हरांड्याची वळचण. कूलर गुरगुरत होता. मग केस आले. मग कान.

मग मान.

रुपेश खुर्चीतून पुढे वाकला. पाठ दिसत होती. पांढऱ्या शर्टाची पाठ, घामाने मधोमध ओली झालेली. चपट्या फोटोला पाठ नसते. फोटो फिरवला तर तोच चेहरा उलटा दिसतो, किंवा काहीच दिसत नाही. पाठ कुठून येईल?

त्याने फोटो पुन्हा टाकला, समोर तोंड करून. पुन्हा रेंडर लावलं. पाऊण तास तो हलला नाही.

या खेपेला माणूस दाराजवळ होता. पाठमोराच. दार अर्धं उघडं होतं, आणि रुपेशने ते उघडलं नव्हतं.

"दादा…" तो हळूच म्हणाला. "मी रागात बोललो ना… त्याचं काय मनावर घेतं?"

खोलीत वाळ्याचाच वास होता, पण त्यात आता ओल्या सिमेंटचा मिसळला होता. त्याने तिसऱ्यांदा रेंडर लावलं. वीज जायला थोडाच वेळ उरला होता. कौलं आली, वळचण आली, खांब आले, फरशी आली. व्हरांडा रिकामा होता. दार तसंच अर्धं उघडं. रुपेशने माणूस काढला नव्हता. माणूस स्वतःच गेला होता.

त्या दाराआड काहीही नव्हतं. बाहेरून पाहायचा व्ह्यू असला की आत खोल्या कोणी करत नाही, नुसत्या भिंतींची पोकळ पेटी असते. तिथे जायला जागा नव्हती.

आता त्याच्यात चौथ्यांदा पाहायचं त्राण राहिलं नव्हतं. चित्र तर जिवंत दिसत होतं. त्याने तेवढं एकच चित्र सीडीवर घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो सिंदीला गेला. प्रभाकरराव व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. आत त्याच सकाळी कोबा घोटला होता, म्हणून कोणी आत जायचं नव्हतं. दार अर्धं उघडं होतं. आतून ओल्या सिमेंटचा गार वास येत होता. रुपेश दारासमोर थांबला. अंधारात काही दिसेना. तरी तो सीडी हातात घेऊन उभाच राहिला.

"दादा… एकदा तोंड दाखव रे."

"काय म्हटलं?" प्रभाकररावांनी मागून विचारलं.

"काई नाई, काकाजी." त्याने सीडी त्यांच्या हातात दिली.

संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. रुपेश अंधारात बसला होता. वीज गेलेली होती.

"अरे रुपेश, लय झकास!" प्रभाकरराव खूश होते. "आता जीव आला पाह्य. अन् दुसरं चित्र त याहून भारी."

"दुसरं कोणतं, काकाजी?"

"आतून काढलेलं. घरातून बाहेर पाहून राह्यलो असं वाटते. दारात तू उभा."

"मी… मी आतलं काईच केलं नाई. एकच चित्र होतं सीडीवर."

"आता तूच केलं अन् तूच नाई म्हणतं? हे काय, समोर हाय माह्या. हातात सीडी घेऊन उभा. मांगं माही खुर्ची बी दिसते. आजचंच हाय ना? पण रडून काऊन राह्यला रे तू यात? अन्… एक पाय आत काऊन टाकला? कोबा ओला होता ना."

"मी आत नाई गेलो, काकाजी."

"चित्रात त जाऊन राह्यला."

रुपेशने फोन ठेवला. तो आत गेला नव्हता. तो बाहेरच उभा होता, सीडी दिली आणि निघाला. निघाला, आणि मग? स्टेशनवर किती वेळ बसला, गाडीत जागा मिळाली का, वर्ध्याहून सावंगीला ऑटोने आला की पायी, यातलं काहीच त्याला आठवेना. त्याने शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचे दोन्ही खिसे उलटे केले आणि माचिसची काडी ओढून पाहिलं.

वर्धा ते सिंदी, एक तिकीट होतं. सिंदीहून परतीचं नव्हतं.